डाव्या अंगाची खूण

तुमच्यापैकी एकीने मला एक प्रश्न विचारला आहे. कोणी, ते इथे लिहिणार नाही. तिला माहीत आहे, आणि बाकीच्या दोघांनी एकमेकांना फोन करून चौकशा करू नयेत. नातवाने हे वाचताना लाजण्याचं कारण नाही. त्यालाही मीच पहिल्यांदा दुपट्यात गुंडाळलं होतं.

प्रश्न असा: "आजी, छातीवर बोंडाभोवती जे गडद वर्तुळ असतं, ते आपल्या घरात सगळ्यांचंच एवढं मोठं असतं का? माझी दोन्ही सारखीसुद्धा नाहीत. इथे ऑपरेशन करून लहान करून मिळतात. करू का?"

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. विचारलंय तेवढ्याचंच उत्तर लिहा, पाल्हाळ नको, असं मुलांना सांगत आले. म्हणून आधी सरळ उत्तर देते. पुस्तकात त्या वर्तुळाला स्तनमंडल म्हणतात. ते कुणाचं बोटाच्या पेराएवढं असतं, कुणाचं बशीच्या खळीएवढं. रंग फिका गुलाबी ते पार काळा. कडा कधी रेखीव, कधी पाण्यात शाई सांडल्यासारखी. त्यावर बारीक दाणे असतात, ते पुरळ नव्हे. दोनचार केसही येतात. गरोदरपणात ते पसरतं आणि काळवंडतं, उतारवयात फिकं पडतं. डावं आणि उजवं सारखं असणं हाच अपवाद. बोंड जन्मापासून आत वळलेलं असलं तरी चालतं; एका बाजूचंच अचानक आत ओढलं गेलं, खाज सुटून कातडी सोलली किंवा पाणी आलं, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. हे शेवटचं वाक्य तिघांनी लक्षात ठेवा. का, ते पुढे येईल.

लहान करतात म्हणजे कडेची गोल चकती कापून काढतात आणि सभोवार टाके घालतात. कडेला व्रण राहतो. कधी तिथली जाणीव कमी होते, कधी पुढे बाळाला पाजायला अडचण येते. गोरं करणारी मलमं बाजारात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. रंग भरून घेणं, म्हणजे डॉक्टरी गोंदण, हाही एक मार्ग आहे. त्याबद्दल मी पुस्तकातून नव्हे, अंगावरून सांगू शकते.

उत्तर इथे संपलं. यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण मी तुमच्या आजोबांची दुसरी बायको. पहिलीला घरात थोरली म्हणत, आणि ती गेल्यावरही थोरलीच म्हणत राहिले. बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी ती गेली. मूल तिच्याआधी गेलं होतं. तिचा फोटो नव्हता. लग्नात काढला होता तो ओला होऊन चिकटला, असं सांगत. मी तिच्या मागून वर्षभराने या घरात आले, सव्वीस वर्षांची, एम.ए. झालेली, आणि त्या काळच्या हिशेबाने लग्नाला उशीर झालेली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक चांदीचा टाक घातला. टाक म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. पहिली बायको गेली की दुसरीने तो घालायचा, म्हणजे गेलेलीला आपली जागा राहिली असं वाटतं आणि ती घरभर फिरत नाही. दिवाळीची पहिली साडीही त्या टाकापुढे ठेवून मग मला मिळायची.

"यावर खूण करून घेतलीय," सासूबाई म्हणाल्या. "तिची तिला ओळख पटायला. न्हाऊ घालणाऱ्या बाईला विचारून सोनाराला सांगितलं."

"कसली खूण?"

"तुला कशाला? तुला थोडीच ओळखायचीय."

मी खूण शोधली नाही. टाक उलटा करून, मागची बाजू वर ठेवून घालत असे. तो बरोबर डाव्या छातीवर येऊन थांबायचा. उन्हाळ्यातही गार असायचा. चांदी तापायला वेळ लागतो, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

तुमच्या बापाच्या वेळी मी बाळंतीण झाले तेव्हा तीच न्हाऊ घालणारी बाई चाळीस दिवस येत होती. आम्ही तिला मावशी म्हणत असू. भिवंडीजवळच्या पूर्ण्याची, शेतकऱ्याघरची, दंड असे की पाटावर बसलं की हलायची सोय नाही. थोरलीलाही तिनेच अकरा दिवस न्हाऊ घातलं होतं, आणि गेल्यावर शेवटची अंघोळही तिनेच घातली होती. टाकाची कड बाळाच्या गालाला लागते, हे निमित्त करून मी तो तिच्यासमोर गळ्यातून काढला.

सासूबाई म्हणाल्या, "ती रुसेल."

मावशी तेल चोळता चोळता थांबली. म्हणाली, "रुसल न्हाय. वाट बघल."

मी टाक एका जुन्या कंपासपेटीत ठेवला, वर चिठ्ठी चिकटवली आणि कपाटाच्या वरच्या खणात सारला. जवळजवळ चाळीस वर्षं ती पेटी उघडली नाही.

चौसष्टाव्या वर्षी खोकल्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेले. छातीला नळी लावताना त्यांचा हात थांबला. "हे डावं बोंड असं आत कधीपासून?" मला सांगता येईना. मुलांच्या वह्यांमधला एक स्वल्पविराम माझ्या नजरेतून सुटत नसे, आणि स्वतःच्या अंगाकडे मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या न्हाणीघरात आरसा नव्हता, असता तरी मी पाठ केली असती. आपल्याकडे चांगल्या घरच्या बायका साडीच्या आडोशाने अंघोळ करतात आणि साडीच्या आडोशानेच कोरड्या होतात.

गाठ होती. डावी बाजू काढली. तुम्हाला तेव्हा 'छोटंसं ऑपरेशन' एवढंच कळवलं होतं, त्याची माफी मागते. दोन वर्षांनी पोटाची चरबी आणि कातडी घेऊन नवीन उभार केला. या वयात कशाला, असं घरात सगळेच म्हणाले. मी म्हटलं, ब्लाउज नीट बसायला हवा. खरं कारण तेवढंच नव्हतं. काढून नेलेलं परत हवं होतं, आणि माझं होतं तेच हवं होतं.

पण ते कसं होतं?

उभार झाला, त्यावर काही नव्हतं. सपाट, गुळगुळीत. अंघोळीच्या वेळी आता मी पाहायला शिकले होते, आणि पाहिलं की डोळे न उघडलेल्या चेहऱ्याकडे पाहिल्यासारखं वाटायचं. सर्जनबाईंनी पर्याय सांगितले: तिथल्याच कातडीची घडी घालून बोंड उभं करता येतं, सिलिकॉनचं चिकटवायचं मिळतं, किंवा नुसतं गोंदून घ्यायचं, सावल्या अशा भरतात की सपाट चित्र उठावदार दिसतं. पुन्हा सुरी नको म्हणून मी गोंदण निवडलं.

ते करणारी मुलगी ठाण्याची. आधी भुवया कोरायची, मग हे शिकली. कशेळीच्या पुलावर तासभर ट्रकांच्या मागे थांबून मी पोचले. फॉर्मवर तिने माझं वय दोन वर्षांनी कमी लिहिलं होतं, ते मी पेन मागून दुरुस्त केलं.

"काकू, तुम्ही टीचर होता ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच. बरं, सोपं आहे. उजव्याची कॉपी मारते. दोन्ही सेम टू सेम."

"डावं वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

मला एवढंच आठवत होतं की बाळंतपणात पाटावर बसले असताना, डोळ्यांत शिकेकाई गेलेली, कानात पाणी, मावशी म्हणायची, "डावं येगळंच हाय गो." कसं, ते मी विचारलं नव्हतं. तुमचे आजोबा जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यांनाही मी कधी दिव्याखाली दिसले नव्हते. ऑपरेशनच्या आधी कुणी फोटो घेतला नव्हता. माझ्या फायलीत तपासणीचा कागद होता. त्यावर गाठीचं माप मिलिमीटरमध्ये होतं आणि बोंड व सभोवतालच्या कातडीबद्दल एकच ओळ: बोंड आत ओढलेलं, बाकी वेगळं काही नाही. रोज तेच पाहणाऱ्याला काय वेगळं दिसणार, असं म्हणून मी कागद परत फायलीत लावला.

मुलीने पंधरा दिवसांनंतरची वेळ दिली. "फोटो शोधा काकू," म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून हसली. मीही हसले.

ज्या एका माणसाने ते रोज उजेडात पाहिलं होतं, ती अजून जिवंत होती.

पूर्ण्याला मी वीस वर्षांत गेले नव्हते. भातखाचरं होती तिथे आता गोदामांच्या निळ्या भिंती आहेत, आणि दोन भिंतींच्या मध्ये, ट्रक वळतात त्या जागेला लागून, मावशीचं घर तेवढं उरलंय. दुपारी बारालाही तिथे ऊन येत नाही. सून गोदामात पॅकिंगला जाते. ड्युटीला निघायच्या घाईत होती.

"सासूला दिसत न्हाय," ती म्हणाली. "पण हाताला सगलं कळतं. फक्त सकालचं दुपारी इसरते. जुनं इचारा, जुनं पक्कं हाय."

मावशी खाटेवर बसली होती. तिने माझा हात घेतला, बोटं एकेक चाचपली. मधल्या बोटाशी थांबली.

"मास्तरीण गो तू. पेनाचा घट्टा हाय अजून."

मी का आले ते सांगितलं. शब्द सापडत नव्हते. या गोष्टीला आमच्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. ती तोंडावर पदर घेऊन बराच वेळ हसली.

"येवरी शिकली तू, आन् सोताचं मना इचारायला आयली?"

"तू पाहिलंस, मी नाही पाहिलं."

"समद्यांचंच तसं. पन्नास घरच्या बाया न्हाऊ घातल्या, एकीला ठावं नसायचं आपून कशी ती. कुनाची आत वळल्याली, कुनाची करवंदागत. एकीची येवरी पसरल्याली, ती रडायची, नवरा काय बोलंल म्हणून. मी बोल्ली, पोराला अंधारात गावायला पायजे, म्हणून देवानं मोठी दिली."

"आणि सारखी कुणाची?"

"सारखी? त्या काय बांगड्या हायेत जोडीनं मिळायला?"

मी नीटनेटकी बाई. आधी पडताळा घ्यावा म्हणून उजव्याबद्दल विचारलं. ती डोळे मिटून बोलू लागली, हात हवेत, जणू पाटावर कुणी बसलंय. उजवं रुंद, भाजलेल्या वालाच्या रंगाचं, वरच्या अंगाला दाणे दाटीने, बाहेरच्या कडेला दोन केस. मी सकाळीच पट्टीने मोजून वहीत उतरवलं होतं. शब्द न् शब्द जुळला. मग मी निर्धास्त झाले आणि पान उलटलं.

"आता डावं."

"डावं येगळंच," ती म्हणाली. "उजव्याहून रुंद. रंग जांभळाचे सालीगत. खालच्या अंगाला कडा तुटल्याली, चंद्राला ग्रहण लागल्यागत, आन् त्या तुटल्या जागी तील. मोहरीयेवरा. पानी घातलं की चमकायचा."

बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याची पिंपिं बंद होईपर्यंत ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "लई गोरी कातडी. तील उठून दिसायचा."

मी गोरी नाही. तुम्ही मला पाहिलंय. ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. उतारवयाचं बोलणं म्हणून सोडून दिलं. माझ्या आयुष्यातली ही एक चूक मी स्वतःच्या हाताने तांबड्या शाईने अधोरेखित करते.

वहीतल्या पानावरून मुलीने आधी कागदावर चित्र काढलं, मग कातडीवर. रंगांचं कार्ड माझ्या हनुवटीशी धरून तीन रंग मिसळले. बधिर करायचं औषध लावलंच नाही; तिथे जाणीव नव्हतीच. सुईची मशीन दोन तास गुणगुणत होती, आणि मला ती फक्त मागच्या बरगड्यांत कळत होती, शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग चालू असावा तशी.

"तीळ शेवटी देते," ती म्हणाली. "सही मारतात तशी."

सुई तिथे टेकली आणि मला टोचलं.

"तुम्ही हललात काकू?"

"टोचलं."

"शक्य नाही," ती म्हणाली, आणि मशीन थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. नंतर सर्जनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, नसा कधी कधी वाट काढत परत येतात, ठिपक्याएवढ्या जागेतसुद्धा. असेल तसं.

खपल्या पडून गेल्यावर मी न्हाणीघरात लावलेल्या नवीन आरशात पाहिलं. काम उत्तम झालं होतं. बोंड उठून दिसायचं आणि बोट नेलं की सपाट कातडी लागायची. डोळा एक सांगे, बोट दुसरं. गारठ्यात उजवं आक्रसायचं, डावं तसंच, उघडं. पण माझं मला परत मिळालं, असं काही वाटेना. अंघोळ करताना मी पुन्हा पाठ फिरवू लागले. पूर्वी लाजेने फिरवत असे. आता वाटे, आत कुणीतरी अंघोळ करत आहे आणि मी न ठोठावता आले आहे.

महिन्याभराने मावशीला साडी द्यायला गेले. तिचा हात धरून सांगितलं, "मावशी, झालं तुझ्या सांगण्यासारखं."

तिने हात सोडवून घेतला आणि माझ्या पदरावरून, ब्लाउजवरून छातीवर ठेवला. गोंदण हाताला लागत नाही. आंधळ्याला तर नाहीच, आणि दोन कापडांवरून तर कुणालाच नाही. तिचं बोट खालच्या कडेशी गेलं आणि तिळावर थांबलं. मला ते कळलं, कारण त्या सगळ्या बाजूत तेवढंच मला कळतं.

तिचा चेहरा खुलला.

"आयलीस, थोरले," ती म्हणाली. "किती दिस झालं गो. पोर निजलं काय?"

ती वाट बघत होती.

"निजलं ना?" तिने पुन्हा विचारलं.

"निजलं," मी म्हणाले.

सून चहा घेऊन आली. "हल्ली असंच बोलते," ती म्हणाली. "गेलेल्यांशी. तुमी मनावर घेऊ नका."

घरी आले तेव्हा साडेतीन वाजले होते. मी स्टुलावर चढून वरच्या खणातून कंपासपेटी काढली. चिठ्ठीवरचं अक्षर माझंच, तरुण. नेमकी त्याच वेळी लाइट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. भिवंडीत राहणाऱ्याला मागांचा आवाज ऐकू येत नाही, तो थांबला की ऐकू येतो. मी टाक खिडकीशी नेला आणि चाळीस वर्षांनी सरळ बाजू वर केली. भिंग धरलं.

आकृती नेहमीसारखीच, हात जोडलेली. छातीवर दोन गोल ठोकलेले. उजवा साधा. डावा मोठा, खालची कडा मुद्दाम तोडलेली, आणि तुटल्या जागी सोनाराने खिळ्याच्या टोकाने दिलेला एक ठिपका.

तो तपासणीचा कागद खरं सांगत होता. माझ्यात वेगळं काही नव्हतं; पाटावर मावशी 'डावं येगळंच' म्हणायची तेव्हाही ती थोरलीलाच न्हाऊ घालत असावी. मावशीने माझी उजवी बाजू सांगितली आणि थोरलीची डावी. एका घरच्या दोन बाया, एकाच पाटावर बसलेल्या, मावशीच्या हातात एक झाल्या होत्या. जो टाक मी गळ्यातून काढला, तो मी कातडीत भरून घेतला होता. त्याच जागी.

मी घाबरले का? हो. तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग आला. माझं काढून नेलं, आणि जागा भरली ती परकीने. दुसऱ्या दिवशी मुलीला फोन केला. ती म्हणाली, काळजी नको, दुसरी बैठक असतेच, रंग वरखाली होतो तो पुन्हा भरायला. तेव्हा कडा पुरी करू, वर्तुळ थोडं वाढवलं की तीळ आत जाईल. फारच नकोसं वाटलं तर लेसरने फिकं करता येतं. "पाच मिनिटांचं काम, काकू."

बैठकीच्या आठ दिवस आधी मावशी गेली. सुनेने फोन केला. मी गेले तेव्हा गोदामांच्या भिंतींमध्ये बायकांनी साड्या धरून आडोसा केला होता आणि आत तिला अंघोळ घालत होत्या. पन्नास घरच्या बायकांना न्हाऊ घालणारी ती. तिची खूण कुणाला ठाऊक होती का, ते मी आडोशाबाहेर उभी राहून विचारू शकले नाही.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीची उजळणी करत राहिले. थोरली बावीस वर्षांची होती. फोटो नाही. मूल नाही. तिचे आईवडील, नवरा, सासू, कुणीच उरलेलं नाही. ती कशी दिसत होती, हे एकाच म्हाताऱ्या बाईच्या हातांना माहीत होतं, आणि ते हात आता तिरडीवर ठेवलेले मी पाहिले. माझं डावं कसं होतं हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. मावशीने पाहिलं, पण तिला थोरलीचंच दिसलं; मी तर पाहिलंच नाही. ते परत मिळण्यासारखं नव्हतंच. काढून टाकलं असतं तर माझं आलं नसतं, फक्त तिचं गेलं असतं.

म्हणून माझ्या लाडके, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. ऑपरेशन करायचं की नाही, हे तू ठरव. तुझं अंग, तुझं वय, तुझे डॉक्टर. करशील तर मी रागावणार नाही. पण त्याआधी दिवसाउजेडी आरशासमोर उभी राहा आणि पुरतं बघ. मोज, वहीत उतरव. उजवं माझ्यासारखं निघालं, रुंद, भाजलेल्या वालाच्या रंगाचं, वर दाणे आणि बाहेरच्या कडेला दोन केस, तर ते माझ्याकडून आलंय असं समज. डाव्याचं मला सांगता येत नाही.

दुसऱ्या बैठकीला मी टाक पर्समध्ये घालून नेला. मुलीने दिवा जवळ ओढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रंग बराच उतरलाय," ती म्हणाली. "उतरतोच तेवढा. पण हा तीळ... मी एवढा गडद दिला नव्हता."

"काळा रंग टिकत असेल."

"मी काळा वापरलाच नव्हता, काकू." मग हातमोजे चढवत म्हणाली, "बरं, झाकून टाकते. वर्तुळ केवढं करू?"

"आहे तेवढंच. कडा तुटलेलीच राहू दे. रंग तेवढा परत भर."

"नक्की?"

"नक्की. कातडी जरा उजळ धर सभोवती. ती गोरी होती."

कोण, असं तिने विचारलं नाही. मशीन सुरू झाली. शेवटी सुई तिळाशी आली, पण मुलीने ती तिथे टेकवलीच नाही. नुसती बाजूने फिरवून घेतली.

हा रंग काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. निघताना तिने पुढच्या वेळेचं कार्ड लिहून दिलं. वरच्या ओळीत तिने माझं एकटीचं नाव घातलं होतं. मी पेन बाहेर काढलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि काही न खोडता कार्ड टाकाबरोबर कंपासपेटीत ठेवून दिलं.